नवरी : प्रथमपुरुषी एकवचनी

यंदाच्या लग्नसराईतली गोष्ट. दुपारच्या सुटीत प्राध्यापक कक्षात एका सहकाऱ्यांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. स्कॉटलंडमधला कुठलासा माळ, गवतावर फुलांनी आखलेले वर्तुळ, वर्तुळात एक तरुण आणि एक तरुणी. पुरोहिताच्या जागी एक प्रौढ स्त्री. तिने चार दिशांना तोंड करून पृथ्वी, वायू, अग्नी आणि जल यांना आवाहन केले. मग त्या दोघांना प्रश्न विचारले. दोघांनी आपापल्या तोंडाने उत्तरे दिली. एकमेकांत गुंफलेल्या त्यांच्या हातांवर तिने रंगीत दोऱ्या गुंडाळल्या; दोरीगणिक एक वचन. शेवटी दोरीला गाठ बसली, दोघांनी जमिनीवर आडव्या ठेवलेल्या झाडूवरून उडी मारली आणि टाळ्या झाल्या. स्वतःला ‘पेगन’ म्हणवणाऱ्या, म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेशी नाते सांगणाऱ्या तिकडच्या मंडळींचा हा विवाहविधी. नाव ‘हँडफास्टिंग’, आपण हस्तबंधन म्हणू.

चित्रफीत संपताच सहकारी म्हणाले, “हे आपले पाणिग्रहणच! दोरी म्हणजे कंकण, वचने म्हणजे सप्तपदी. सगळे मूळचे आपलेच.” दुसरे म्हणाले, “हजारो वर्षांचे असणार. जुने ते टिकतेच.” कोणी प्रतिवाद केला नाही. आम्हीही केला नाही. तास सुरू व्हायचा होता. त्या दिवशी टाळलेला तो प्रतिवाद या लेखातून करीत आहोत. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक जण शिरूरला शिकवते, दुसरा दौंडला. दरवर्षी कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की पुढचे सहा-सात महिने आम्ही दोघेही पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर रस्त्यांवरच्या मंगल कार्यालयांत आणि लॉन्सवर अक्षता टाकत असतो. तेव्हा या विषयातला आमचा अधिकार पुस्तकी नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : लग्नविधीची प्रतिष्ठा त्याच्या वयावर ठरत नाही. त्यात कोण बोलते, आणि कोणाला बोलावेच लागत नाही, यावर ठरते.

प्रथम त्या प्राचीनत्वाचा समाचार घेऊ. ‘हँडफास्ट’ हा शब्द जुना आहे. हातावर हात मारून सौदा पक्का करणे, या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दापासून तो आला. मध्ययुगीन इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये वाङ्निश्चयाला किंवा साक्षीदारांसमोर हात हाती घेऊन केलेल्या विवाहवचनाला तो लावला जाई. परंतु दोरीने हात बांधणे, दिशांचे आवाहन, फुलांचे वर्तुळ यांचा त्या जुन्या वाङ्निश्चयाशी फारसा संबंध नाही. ‘एक वर्ष आणि एक दिवस’ एवढ्या मुदतीचे लग्न हा या विधीचा सर्वांत आकर्षक मानला जाणारा भाग. त्याला लोकप्रियता मिळाली ती सर वॉल्टर स्कॉटच्या १८२० सालच्या ‘द मॉनेस्टरी’ या कादंबरीमुळे. म्हणजे ज्याला प्राचीन परंपरा समजून आपण मान डोलावतो, तिचा एक मोठा आधारस्तंभ ललित वाङ्मय आहे! आज दिसतो तो विधी घडला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात; जेराल्ड गार्डनरच्या १९५४ सालच्या पुस्तकाने ज्या नवनिसर्गपूजक पंथाला जाहीर रूप दिले, त्याच्या आसपास. तो जेमतेम आपल्या आईवडिलांच्या वयाचा आहे.

मग तो खोटा ठरतो काय? मुळीच नाही. त्या चित्रफितीत आम्हांला भावले ते दोरीचे वय नव्हते. ज्यांचे लग्न होते, ती दोन माणसे आपल्याला समजणाऱ्या भाषेत, चारचौघांत, एकमेकांना उद्देशून बोलत होती. स्कॉटलंडच्या कायद्यात १९४०पर्यंत साक्षीदारांसमोर केलेला असा परस्पर उच्चारही विवाह म्हणून ग्राह्य धरला जाई. त्या भूमीत जुने काही असलेच, तर ते हे आहे.

आता आपल्या मांडवात या.

शिरूर-दौंडकडच्या लग्नात शब्दांचा तुटवडा नसतो. कान किटेपर्यंत शब्द असतात. निवेदक माइक सोडत नाही. कोणत्या साहेबांचे आगमन झाले, कोणत्या चेअरमनांनी शुभेच्छा दिल्या, कोणाचा फेटा बांधून सत्कार झाला, यात पत्रिकेवरचा बारा पस्तीसचा मुहूर्त दीड वाजेपर्यंत सरकतो. मग मामा नवरीला घेऊन येतात, अंतरपाट धरला जातो, कट्यारीला लिंबू खोचलेला नवरदेव आणि मान खाली घातलेली नवरी समोरासमोर उभी राहतात आणि ध्वनिक्षेपकावरून मंगलाष्टके सुरू होतात. ती ज्यांच्यासाठी म्हणायची ते दोघे सोडून सगळे त्यात भाग घेतात : भटजी, हौशी आत्या, वाद्यवृंदाचा गायक. ‘सावधान’ हा शब्द प्रत्येक कडव्यानंतर उच्चारला जातो आणि कोणीही सावध होत नाही. मराठी परंपरेत तो शब्द खरोखर ऐकणारा एकच नवरदेव आख्यायिकेत सापडतो. तो जांबचा नारायण. आणि तो मांडवातून पळून गेला.

या सगळ्या सोहळ्यात दोन्हीकडची मंडळी शब्दन् शब्द वाचून पाहतात असा एकच मजकूर असतो. तो म्हणजे ‘यादी’. सुपारी फुटताना याद्या होतात. मांडव कोणाचा, जेवण कोणाचे, किती तोळे, मानपान कोणाकोणाचा, हे कलमवार लिहिले जाते आणि दोन्ही बाजूंच्या जाणत्यांच्या सह्या होतात. खाडाखोड चालत नाही. यादीत संदिग्धता राहू नये याची जी दक्षता आपण घेतो, तिचा शतांश दक्षता लग्नाच्या वचनांबाबत घेत नाही. ज्या करारात वधू-वर हे पक्षकार आहेत तो कोणाला कळत नाही. आणि जो सर्वांना कळतो त्यात ते पक्षकारच नाहीत.

नवरीच्या वाट्याला मात्र एक उच्चार राखून ठेवलेला असतो : उखाणा. लग्न लागून गेल्यावर, जेवणाच्या पंगतीत किंवा सासरच्या उंबऱ्यावर, यमक जुळवून तिने नाव घ्यायचे. नाव नवऱ्याचे. उखाणा हा लोकवाङ्मयातला एक चतुर आणि रसाळ प्रकार आहे, वर्गात तो आम्ही आनंदाने शिकवतो. पण दिवसभरात त्या मुलीने जाहीरपणे उच्चारलेले ते पहिले आणि शेवटचे वाक्य असते, हे आपल्याला कधी खटकत नाही. तिचे स्वतःचे नाव त्या दिवशी पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’च्या मागे असते, आणि काही घरांत तर संध्याकाळपर्यंत तांदळाच्या ताटात बोटाने लिहून बदललेलेही असते.

आम्ही व्याकरण शिकवणारे. आम्हांला हा सर्वनामाचा प्रश्न दिसतो. गृह्यसूत्रांतला विवाहविधी खरोखर प्राचीन आहे, त्यातली काही प्रतिमासृष्टी उदात्त आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्यात ‘मी’ कोण आहे ते पाहा. पाणिग्रहणाचा मंत्र वर म्हणतो : मी तुझा हात धरतो. सप्तपदीत प्रत्येक पावलाला वर तिला उद्देशून बोलतो. म्हणजे वधू द्वितीयपुरुषी. लाजाहोमात नवऱ्याला दीर्घायुष्य मागितले जाते ते तिच्या वतीने, पण मंत्राची रचना अशी की ‘ही स्त्री असे म्हणते आहे’. म्हणजे तिच्या मागण्याचे निवेदनही तृतीयपुरुषी. आणि कन्यादानात तर ती कर्म आहे; कर्ता बाप, संप्रदान जावई. या मंत्रांत प्रथमपुरुष हा बहुतेक शब्दशः पुरुषच राहिला आहे.

सहकारी म्हणतील, आज पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्था मंत्रांचा अर्थ मराठीत सांगून संस्कार करतात, स्त्रियाही पौरोहित्य करतात. करतात, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण अर्थ सांगणे म्हणजे कर्ता बदलणे नव्हे. दुसऱ्याने उच्चारलेले वाक्य मला समजले, एवढ्याने ते माझे होत नाही. वाक्याचा कर्ता बदलायचा तर वाक्य नव्याने लिहावे लागते.

आणि ते आपल्याच जिल्ह्यात लिहिले गेले आहे. त्यासाठी स्कॉटलंडचा माळ शोधायला नको.

सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचे पहिले सत्यशोधक लग्न लागले. भटजी नव्हता. या पद्धतीच्या विधीचा मजकूर जोतीराव फुल्यांनी ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधि’ या पुस्तिकेत १८८७ साली छापला. त्यातली मंगलाष्टके हा संवाद आहे. वर बोलतो, वधू उत्तर देते. आणि ती आशीर्वाद मागत नाही. स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, हे ती भर मांडवात सांगते आणि स्त्रीचे हक्क तिला देण्याची शपथ घे, असे वराला बजावते. वर त्या हक्कांसाठी झटण्याचे वचन देतो. १८८९ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी आपला दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न याच पद्धतीने लावले. म्हणजे विधी लोकांच्या मुलांसाठी आणि परंपरा आपल्या मुलासाठी, अशी वाटणी त्यांनी केली नाही.

१८८७ हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना फर्मावले की नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. अकराव्या वर्षी, संमतीचा प्रश्नही उद्भवत नाही अशा वयात, लागलेले ते लग्न आपल्याला मान्य नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. त्याच वर्षी अमेरिकेत पंडिता रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध झाले. या रमाबाईंनी १८८० साली बांकीपूरला बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला होता. एक स्त्री न्यायालयात ‘मी ते लग्न केले नाही’ म्हणते, दुसरी ग्रंथात स्त्रीच्या मुक्यापणाची कारणे मांडते आणि तिसरी, पुस्तिकेतली, मांडवात उभी राहून आधी शपथ घे म्हणते. तिन्ही वाक्ये प्रथमपुरुषी. रमाबाईंचे मुक्ती मिशन दौंड तालुक्यातच, केडगावला आहे. आमचे विद्यार्थी त्याच स्थानकावरून ये-जा करतात. पण त्या बाईंच्या स्वतःच्या लग्नाविषयी वर्गात कधी चर्चा झाल्याचे आम्हांला आठवत नाही.

या लग्नांना विरोध झाला तोही बोलका आहे. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटाविना लग्न लावले तेव्हा गावजोशी न्यायालयात गेले आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोचले. वाद मंत्रांच्या अर्थाचा नव्हता, वतनाच्या हक्काचा होता. आम्हांला न बोलावता लग्न लावलेत, आता आमचे हक्काचे द्या, हा दावा होता. मांडवात बोलण्याचा अधिकार ही मालमत्ता होती, हे यापेक्षा स्वच्छ शब्दांत कोणी सांगावे?

इथे एक गैरसमज टाळायला हवा. आम्ही खर्चाविषयी बोलत नाही. १८७५ साली सुप्यापासून भीमथडी-शिरूरकडे सावकारविरोधी दंगे पसरले, तेव्हापासून शेतकऱ्याच्या लग्नखर्चावर प्रवचने देण्याची शहाण्यांना सवय आहे. आणि त्या दंग्यांच्या चौकशी आयोगानेच नोंदवून ठेवले आहे की कर्जाचे कारण म्हणून या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. वर्षभर उन्हात राबणाऱ्याने एक दिवस मांडव सजवावा. आमची तक्रार झगमगाटाविषयी नाही; एवढ्या उजेडात नवरीचा आवाज ऐकू येत नाही, ही आहे.

कायदा काय म्हणतो? १९५५चा हिंदू विवाह कायदा दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी लग्न व्हावे, एवढे सांगतो. त्यांत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होते. वधूने तोंड उघडावे अशी अट त्यात नाही. उलट १९५४च्या विशेष विवाह कायद्यात, कोणताही विधी निवडा, पण निबंधक आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी, दोघांना समजणाऱ्या भाषेत, ‘मी तुझा स्वीकार करतो’, ‘मी तुझा स्वीकार करते’ असे म्हटल्याशिवाय लग्न पक्के होतच नाही. तमिळनाडूने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात नवे कलम घालून स्वाभिमान विवाहाला मान्यता दिली. तिथेही पुरोहित लागत नाही, परस्परांचा स्वीकार लागतो. फुल्यांच्या महाराष्ट्राने असे कलम केलेले नाही. आणि आपल्याच गावातल्या बौद्ध वस्तीत, त्रिशरण-पंचशीलानंतर वर पाच आणि वधू पाच प्रतिज्ञा स्वमुखाने घेते, हे आमच्या सहकाऱ्यांना ठाऊक नाही असे नव्हे. ते त्या लग्नांना जातात, जेवतात. पण ‘सुंदर विधी’ म्हणून मोबाइलवर दाखवावेसे वाटते ते स्कॉटलंडचे. शेजारचा विधी साधा, परका तो प्राचीन! या आवडीनिवडीच्या मुळाशी काय आहे ते वेगळे सांगायला नको.

आता साहित्याच्या प्राध्यापकांचा ठेवणीतला आक्षेप. “फुल्यांची मंगलाष्टके काव्य म्हणून सामान्य आहेत.” असतील. रूढ मंगलाष्टकांत, शार्दूलविक्रीडितात नद्यांची आणि देवांची नावे बसवण्यात, कोणते अलौकिक काव्य आहे? ते आपण काव्य म्हणून जोखतच नाही. विधी म्हणून सोडून देतो. मग ही सवलत एकाच बाजूला का? आणि काव्याचाच निकष लावायचा तर नाट्याचाही लावा. रूढ मंगलाष्टकांत एकही पात्र नाही, फक्त आशीर्वाद देणारा आवाज आहे. फुल्यांनी त्याच रचनाप्रकारात दोन पात्रे उभी केली, त्यांच्यात तणाव निर्माण केला आणि श्रोत्यांना साक्षीदार केले. ‘तृतीय रत्न’ लिहिणाऱ्या नाटककाराचा हात त्यात दिसतो. एक प्रस्थापित रचनाप्रकार आतून उलटा करणे, ही वाङ्मयेतिहासातली घटना नव्हे काय? पण आम्ही विद्यार्थी होतो तेव्हाही आणि शिकवू लागलो त्यानंतरही फुल्यांचे नाटक, पोवाडे, अखंड, ‘शेतकऱ्याचा असूड’ वाट्याला आले; ही पुस्तिका कधी आली नाही. पूजाविधी म्हणजे साहित्य नव्हे, अशी आपली समजूत. अशा समजुतीचा फायदा नेहमी जुन्या विधीलाच होतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. शब्द उच्चारल्याने संसार सुधारतो काय? नाही. निबंधकासमोर स्वीकाराचे वाक्य म्हणून घरी आलेल्यांनीही हुंडा घेतला आहे. सत्यशोधक पद्धतीच्या काही लग्नांतही आज व्यासपीठ नेत्यांचेच असते, आणि संवाद वधू-वरांऐवजी तिसराच कोणी माइकवर म्हणतो. हेही आम्ही पाहिले आहे, आणि ते अधिक वाईट वाटते. शब्द ही हमी नव्हे. पण उच्चारलेला शब्द ही साक्ष असते. पुढे दहा वर्षांनी एखादी बाई ‘तू चारशे माणसांसमोर म्हणाला होतास’ एवढे तरी म्हणू शकेल. आज ती काय म्हणणार? ‘भटजी म्हणाले होते’?

शेवटी आमच्याविषयी, कारण त्याशिवाय हे लिहिण्याचा अधिकार पोचत नाही. आम्ही दोघांनीही एम.ए.ला फुले वाचले होते, आणि आपापल्या लग्नात दोघेही अंतरपाटाआड गप्प उभे होतो. एकाने घरी विषय काढला होता. ‘आईला काय वाटेल’ या वाक्यापाशी तो संपला. दुसरीला कोणी विचारलेच नव्हते.

काही वर्षांपूर्वी आम्ही ती मंगलाष्टके छायाप्रती काढून द्वितीय वर्षाच्या वर्गात नाट्यवाचनासारखी वाचून घेतली. वराचे कडवे वाचायला चार मुलगे उठले. वधूचे वाचायला कोणी उठेना. मागच्या बाकांवर हसू पिकले. मग एक मुलगी उठली. हळू आवाजात सुरू केले आणि हक्कांची शपथ मागण्याच्या जागेवर आली तेव्हा आवाज चढला होता. वर्ग शांत होता. वाचून झाल्यावर तिने विचारले, “मॅडम, हे खरंच नवरीने म्हणायचं? सगळ्यांसमोर?” आम्ही हो म्हणालो.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा व्हायच्या आत तिची पत्रिका आली. आम्ही दोघेही गेलो. सत्कार झाले, मुहूर्त टळून गेला, अंतरपाट धरला गेला. ती मान खाली घालून उभी होती. गायकाचा आवाज चांगला होता. आम्ही चौथ्या रांगेत उभे राहून, इतरांबरोबर, प्रत्येक ‘सावधान’ला अक्षता टाकल्या. तिच्या वडिलांना एक शब्द आधी बोलता आला असता. आम्ही बोललो नाही. जेवताना तिने नाव घेतले. यमक चांगले जुळले होते.

म्हणून सहकाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. हस्तबंधन आपले की त्यांचे, हा वाद सोडा. फुल्यांचा तो संवाद पुढच्या सत्रात वर्गात वाचायला घ्या. अभ्यासक्रमात असो वा नसो, दोन तास निघतात. आणि ज्या विद्यार्थ्याची, विद्यार्थिनीची पत्रिका आपल्या टेबलावर येते, त्यांच्या घरी मुहूर्ताच्या आधी एकदा जाऊन या. यादी झालेली असेल. तुमची मुलगी मांडवात काय बोलणार आहे, एवढे विचारा. आम्ही यंदापासून विचारणार आहोत.